कुलाबा, अलिबाग, हॅन्ले: एका पहाऱ्याचा इतिहास

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आली ती मुंबईच्या ट्रॅममुळे. नागावहून अक्षीमार्गे अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावरून रोज शेकडो माणसे ये-जा करतात, सुट्टीच्या दिवशी तर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. पण जगातल्या सर्वांत दीर्घ शास्त्रीय नोंदींपैकी एकीचे घर नागावपासून आठ-नऊ किलोमीटरांवर आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या गावी असते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. घोड्यांच्या ट्रॅम धावत होत्या तोवर काही बिघडले नाही. विजेच्या ट्रॅम येणार हे दिसू लागले, तेव्हा रुळांतून जमिनीत उतरणाऱ्या प्रवाहाने चुंबकसूच्यांचे काम संपणार हे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी ओळखले. त्या वेधशाळेचे हे पहिले भारतीय संचालक. त्यांनी अलिबागची जागा निवडली. लोहाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड, लाकूड, तांबे आणि पितळ एवढ्याच सामग्रीत इमारत उभी केली आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू केल्या. मग त्यांनी जे केले ते मला इमारतीपेक्षाही मोठे वाटते. कुलाबा लगेच बंद न करता १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे बिनचूक जोडता यावेत. मुंबईत विजेची पहिली ट्रॅम धावली ती त्यानंतर, ७ मे १९०७ रोजी. १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदींचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन भागांत छापून आले.

या चिकाटीचे मोल कळायला जवळपास शंभर वर्षे जावी लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखाट पाहिला आणि पुढच्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. कुलाब्याला तेव्हा सूचीचे वाचन डोळ्यांनी होत असे. त्या कर्मचाऱ्यांनी वादळातही आपले काम सोडले नाही. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, गुरबक्ष लाखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी त्या वह्यांतून आलेख काढला: कुलाब्याच्या क्षितिजसमांतर चुंबकक्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण. त्या महावादळाची तीव्रता आज जग याच नोंदीवरून मोजते.

उद्रेक सांगून येत नाही. तो येण्याआधी जो नोंद घेत बसलेला असतो, त्यालाच तो सापडतो. मुंबईतल्या दोन संस्थांनी, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी, पुढे असाच पहारा सूर्याच्या कितीतरी पलीकडे, चाळीस-पंचेचाळीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांवर ठेवला. त्या पहाऱ्याची ही हकिकत.

ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्या ब्लाझार प्रकारच्या दीर्घिकांतल्या काही आधी तारे म्हणूनच नोंदल्या गेल्या होत्या. कुनो हॉफमाइस्टर या जर्मन खगोलज्ञाने १९२९ मध्ये सरठ तारकासमूहातला एक अंधूक, चंचल तारा नोंदवला. त्याचे नाव पडले बीएल लॅसर्टी. १९६८ मध्ये त्याच जागी एक रेडिओ स्रोत असल्याचे ध्यानात आले आणि हा तारा नव्हेच, ही दूरची दीर्घिका आहे, हे हळूहळू उलगडले. ब्लाझार हे नाव एड स्पीगल यांनी १९७८ च्या पिट्सबर्गच्या परिषदेत सुचवले. अशा दीर्घिकेच्या मध्यभागी कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्या आसपासच्या द्रव्यातून दोन विरुद्ध दिशांना, प्रकाशाच्या जवळपास वेगाने, कणांचे फवारे निघतात. त्यांतला एक फवारा नेमका आपल्या रोखाने असेल, तर अंधारात समोरच्याच्या विजेरीचा झोत डोळ्यांवर यावा तशी ती दीर्घिका आपल्याला दिपवते. फवाऱ्यात थोडा बदल झाला तरी इथे तो कित्येक पटींनी मोठा आणि वेगवान दिसतो.

या दीर्घिकांच्या प्रकाशाचा मोठा वाटा गॅमा किरणांत असू शकतो, हे १९९१ पर्यंत फारसे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या वर्षी एप्रिलमध्ये कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली आणि जूनमध्येच तिच्या एग्रेट उपकरणाला कन्या राशीतल्या ३सी २७९ या ब्लाझारचा प्रखर उद्रेक दिसला. पण त्याहूनही अधिक ऊर्जेचे, टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातले किरण उपग्रहाच्या आवाक्याबाहेरचे. असा एक किरण दृश्य प्रकाशाच्या कणाच्या सुमारे पन्नास हजार कोटी पट ऊर्जा घेऊन येतो आणि येतो फार क्वचित. क्रॅब तेजोमेघ हा या क्षेत्रातला मानदंड. त्याच्याकडूनही असे किरण एका चौरस मीटरवर वर्षभरात सहा-सातच पडतात. (हा तेजोमेघ मागे ठेवणारा तारा १०५४ मध्ये फुटताना दिसला. नागावशेजारच्या अक्षीचा शिलालेख, शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. तो दगड कोरणाऱ्यांच्या नातवंडांनी तो तारा पाहिला असेल, या विचाराने माझ्या अंगावर शहारा येतो.)

इतके विरळ किरण पकडायचे तर वातावरणालाच उपकरण करावे लागते. गॅमा किरण वर हवेवर आदळतो, त्यातून कणांची सर कोसळते आणि ते कण हवेतल्या प्रकाशाहून वेगाने धावत निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश टाकतात. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती ही चमक टिकते, पण जमिनीवर सुमारे सव्वाशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरते. त्या वर्तुळात कुठेही आरसा ठेवला, तरी तो किरण आपल्या हाती लागतो. १९५२ मध्ये विल्यम गॅलब्रेथ आणि जॉन जेली यांनी इंग्लंडमध्ये कचऱ्याच्या डब्यात एक छोटा आरसा आणि मंद प्रकाश टिपणारी प्रकाशनलिका बसवून ही चमक पहिल्यांदा टिपली. अडचण एकच, आणि ती डोंगराएवढी: वैश्विक किरणांतले प्रोटॉनही अगदी तशीच चमक पाडतात, आणि त्यांची संख्या गॅमा किरणांच्या हजारपट असते.

होमी भाभांनी स्थापलेल्या टाटा संस्थेला वैश्विक किरणांचा अभ्यास जन्मापासूनचा. १९६८ मध्ये पल्सार या स्पंदणाऱ्या ताऱ्यांचा शोध जाहीर झाला, तेव्हा बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार वाट पाहिली नाही. १९६९ मध्ये उटीच्या डोंगरावर अन्वस्ताकार आरसे लावून भारतातले चेरेन्कोव्ह वेध सुरू झाले. पी. व्ही. रामनमूर्ती, पी. आर. विश्वनाथ, पी. एन. भट यांच्यासारख्यांनी तिथे थंडीच्या अमावास्येच्या रात्री एकामागून एक घालवल्या. तिकडे भाभा केंद्राची मंडळी काश्मीरमध्ये गुलमर्गला काम करत होती. १९८६ च्या सुमारास टाटा संस्थेच्या गटाने सातपुड्यातल्या पचमढीला तळ हलवला. काश्मीरमधली परिस्थिती बिघडल्यावर भाभा केंद्राने राजस्थानातला माउंट अबू निवडला. मूस ट्रॅमपासून दूर गेले, हे लोक शहराच्या उजेडापासून. दोन्ही वेळा सोडावी लागली ती मुंबईच.

त्या पहिल्या वीस वर्षांबद्दल प्रांजळपणे बोलले पाहिजे. पल्सारकडून येणाऱ्या स्पंदनांचे जे संकेत तेव्हा जगभरात, आपल्याकडेही, जाहीर झाले, त्यांतले बहुतेक नंतरच्या संवेदनशील उपकरणांना पुन्हा दिसले नाहीत. प्रोटॉनचा गोंगाट गाळून काढण्याची पद्धत कुणाकडेच नव्हती. ती अॅरिझोनात ट्रेव्हर वीक्स यांच्या गटाने घडवली: दहा मीटरच्या आरशासमोर प्रकाशनलिकांचा कॅमेरा ठेवून त्यांनी चमकेची आकृतीच टिपली आणि आकृतीवरून गॅमा किरण आणि प्रोटॉन वेगळे काढले. १९८९ मध्ये क्रॅब असा निर्विवाद सापडला. आपली माणसे या क्षेत्रात वीस वर्षे आधीपासून होती, तरी निर्णायक पाऊल दुसरीकडे पडले. त्याने त्यांचे श्रम वाया गेले असे मी मानत नाही, कारण पुढचे सारे त्याच हातांनी उभे केले.

१९९२ मध्ये अॅरिझोनाच्याच दुर्बिणीला पहिला ब्लाझार गवसला: मार्कारियन ४२१. फाल्गुनात रात्री नागावच्या पुळणीवर समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, की वाड्यांच्या शेंड्यांवर ईशान्येला सप्तर्षी चढलेले दिसतात. त्यांच्या चौकटीच्या दक्षिणेच्या अंगाला ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. अंतर सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षे.

मे १९९६ मध्ये या दीर्घिकेने सगळ्यांना हादरवले. ७ मेच्या उद्रेकात तिचे गॅमा तेज तासाभरात दुप्पट झाले. १५ मेच्या उद्रेकात त्याला पंधरा मिनिटेच पुरली. या पंधरा मिनिटांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. एखादी वस्तू पंधरा मिनिटांत आपले तेज बदलत असेल, तर ती पंधरा मिनिटांत प्रकाश जितका जातो त्यापेक्षा फार मोठी असू शकत नाही. म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुपटीहूनही कमी. दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्याच सुमारे ३० कोटी किलोमीटर भरते. मग कृष्णविवराहून लहान जागेतून एवढा प्रकाश आला कसा? उत्तर फवाऱ्याच्या वेगात आहे. आपल्याकडे झेपावणाऱ्या द्रव्याचे घड्याळ आपल्याला जलद धावताना दिसते आणि आपली पंधरा मिनिटे तिथे काही तासांची असतात. एका चढ-उताराच्या आलेखावरून चाळीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या वस्तूचा आकार आणि वेग दोन्ही काढता आले.

पुढच्याच वर्षी शौरी तारकासमूहातला मार्कारियन ५०१ भडकला. एरवी हा क्रॅबपेक्षा फिका. १९९७ च्या वसंतापासून कित्येक महिने तो कधी क्रॅबएवढा, कधी त्याच्या दहापटीपर्यंत चढत-उतरत राहिला. पाच ठिकाणांहून त्याचे वेध घेतले गेले: अॅरिझोना, युटा, कॅनरी बेटे, फ्रान्समधला पिरेनीज पर्वत आणि पाचवे ठिकाण माउंट अबू. भाभा केंद्राची टॅक्टिक दुर्बीण तिथे नुकतीच उभी राहिली होती. तिचा ८१ प्रकाशनलिकांचा कॅमेरा एप्रिल-मेच्या अंधाऱ्या रात्री मार्कारियन ५०१ वर रोखलेला होता आणि त्यात संकेत मिळाला. त्या वर्षी दरबानच्या वैश्विक किरण परिषदेत या पाचही गटांची निरीक्षणे एकत्र मांडली गेली. उटी आणि गुलमर्गच्या दिवसांपासून राबणाऱ्या माणसांसाठी तो किती मोठा क्षण असेल!

तेज वाढले एवढ्यावर त्या वर्षीची गोष्ट थांबली नाही, वर्णपटही पालटला. ब्लाझारच्या वर्णपटाला दोन उंचवटे असतात. फवाऱ्यातले इलेक्ट्रॉन चुंबकक्षेत्रात गरगरतात, त्याने पहिला उंचवटा तयार होतो. मार्कारियन ५०१ सारख्या ब्लाझारमध्ये तो क्ष-किरणांत असतो. दुसरा गॅमा किरणांत. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडक देऊन त्यांची ऊर्जा वाढवतात, असे बहुतेकांचे मत. एप्रिल १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने पाहिले तेव्हा पहिला उंचवटा नेहमीच्या जागेपासून शंभरपटीहून अधिक ऊर्जेकडे सरकून शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास गेला होता. म्हणजे कण नुसते जास्त झाले नव्हते, त्यांना अधिक ऊर्जेपर्यंत ढकलणारे काहीतरी तिथे जागे झाले होते. अशा ब्लाझारमध्ये पुष्कळदा हेच आढळते: तेज चढले की वर्णपटात जास्त ऊर्जेच्या किरणांचा वाटाही चढतो.

पचमढीला टाटा संस्थेने पंचवीस दुर्बिणींचा ताफा मांडला होता आणि बी. एस. आचार्य, वर्षा चिटणीस यांच्या गटाने तिथून काही ब्लाझारांचे वेध घेतले. पण पचमढीची उंची हजार मीटरच्या थोडीशीच वर. चमक खालपर्यंत पोहोचेतो हवा तिला पातळ करते. कमी ऊर्जेचे किरण पकडायचे तर उंच चढायला हवे. उंच जागा तयार होत होती. नागपुरात जन्मलेले रामनाथ कौशिक यांच्या संचालकपदाच्या काळात भारतीय खगोलभौतिकी संस्थेने लडाखमधल्या हॅन्लेला वेधशाळा उभारली होती. तिथल्या ४२७० मीटर उंचीच्या पठारावर हगार नावाचा सात दुर्बिणींचा ताफा २००८ मध्ये पूर्ण झाला. प्रत्येक दुर्बिणीत ९० सेंटिमीटरचे सात आरसे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, हिवाळ्यात पारा उणे पंचवीसपर्यंत. आणि मार्कारियन ४२१ चा हंगाम नेमका हिवाळ्यात सुरू होतो.

२०१० ची महाशिवरात्र १२ फेब्रुवारीला होती, अमावास्या १४ ला. आकाश काळेभोर. हगारच्या दुर्बिणी त्या काळात मार्कारियन ४२१ कडे वळलेल्या होत्या आणि १३ ते १९ फेब्रुवारीच्या दरम्यान तो उसळला. १७ तारखेला हगारने मोजलेले तेज क्रॅबच्या सहा-सात पट होते. अबूच्या टॅक्टिकनेही याच उद्रेकाचे वेध घेतले. अॅरिझोनातल्या व्हेरिटास दुर्बिणींना १७ तारखेला तो क्रॅबच्या २७ पटींपर्यंत चढलेला दिसला; ते निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हगारच्या नोंदींना फर्मी या गॅमा किरण उपग्रहाची आणि क्ष-किरण उपग्रहांची जोड देऊन अमित शुक्ला व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये शोधनिबंध लिहिला. काही सेकंदांत विझणाऱ्या अवकाशातल्या स्फोटांवर वर्तमानपत्रे रकाने भरतात. हा उद्रेक मात्र मराठीत कुठे आल्याचे मला आठवत नाही.

तरी हगारचे सर्वांत मोलाचे काम मला उद्रेकाचे वाटत नाही. आत्रेयी सिन्हा, शुक्ला आणि टाटा संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मार्कारियन ४२१ चा २००९ ते २०१५ असा सात वर्षांचा हिशेब मांडला. त्यात शांत रात्री होत्या, काहीच घडले नाही असे महिने होते. त्यातून तीन गोष्टी निघाल्या. सर्वांत जास्त चंचलता क्ष-किरणांत आणि अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांत आहे. फर्मीच्या टप्प्यातले गॅमा किरण रेडिओ लहरींशी आणि दृश्य प्रकाशाशी पाऊल जुळवून चालतात, क्ष-किरणांशी मात्र नाही. म्हणजे सगळा प्रकाश एकाच प्रदेशातून, एकाच कारणाने येतो हे सोपे चित्र पुरेसे नाही. तिसरी गोष्ट सर्वांत खोल: तेजाचे चढ-उतार बेरजेने घडत नाहीत, गुणाकाराने घडतात. दीर्घिका उजळ असताना तिची थरथरही त्याच प्रमाणात वाढते. कृष्णविवराभोवतीच्या द्रव्यचकतीत अशा तऱ्हेचे चढ-उतार ओळखीचे आहेत, त्यामुळे फवाऱ्यातल्या खळबळीचे मूळ चकतीत असावे असा संशय बळावतो. एका रात्रीच्या उद्रेकातून हे कधीच कळले नसते. त्यासाठी सात वर्षांच्या कंटाळवाण्या रात्रीच लागतात.

आता हॅन्लेला मेस ही नवी चेरेन्कोव्ह दुर्बीण उभी आहे. २१ मीटर व्यासाचा आरसा, १०८८ प्रकाशनलिकांचा कॅमेरा, वजन १८० टन. अशा प्रकारच्या दुर्बिणींत आशियात सर्वांत मोठी आणि जगात सर्वांत उंचावर. तुर्भ्याच्या भाभा केंद्राने हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनसह भारतीय उद्योगांच्या मदतीने ती घडवली आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. तिला हॅन्लेच्या रेखांशाचाही फायदा आहे. जगातल्या मोठ्या चेरेन्कोव्ह दुर्बिणी अॅरिझोना, कॅनरी बेटे आणि नामिबिया इथे आहेत. अॅरिझोनात सूर्य उगवलेला आणि कॅनरी बेटांवर अजून मावळलेला नाही, अशा वेळी हॅन्लेला रात्र असते. पंधरा मिनिटांत पालटणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही मधली पोकळी फार मोठी आहे, आणि ती भरून काढायला भारतच जागेवर आहे.

दुर्बीण उभी करायला पैसा मिळतो, उद्घाटनाला मंत्री-अधिकारी येतात. विसाव्या वर्षीही ती दर अमावास्येला चालू राहावी, आरसे धुतले जावेत, तंत्रज्ञांचे पगार वेळेवर व्हावेत, यासाठी मात्र कुणी भाषण करत नाही. मूस यांनी दोन वर्षांचा दुहेरी खर्च मंजूर करून घेतला नसता, तर अलिबागची मालिका १९०४ पासून कुलाब्याशी न जोडताच सुरू झाली असती आणि १८५९ चे वादळ तिच्याशी ताडून पाहण्याचा आधारच तुटला असता. मेसच्या बाबतीत भाभा केंद्राने आणि अणुऊर्जा विभागाने हा हिशेब आजच करून ठेवावा: हगारचे आणि टॅक्टिकचे जुने वेध नव्या दुर्बिणीच्या वेधांना एका मापात जोडले जावेत आणि ते विद्यार्थ्यांना खुले व्हावेत.

आणि एक विनंती अलिबाग, रोहा, पेण इथल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना. फर्मी उपग्रहाची निरीक्षणे संकेतस्थळावर सर्वांना फुकट मिळतात; पंधराशेहून अधिक गॅमा स्रोतांचे तेजआलेख तयार स्वरूपात तिथे ठेवलेले आहेत आणि दर काही दिवसांनी त्यांत भर पडते. मार्कारियन ४२१ चा आलेख उतरवून घ्यायला एक साधा संगणक पुरतो. तो वर्गात एकदा विद्यार्थ्यांकडून काढून घ्या, आणि त्याच आठवड्यात त्यांना अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवायला न्या.